पार्वोचा ‘नवीन स्ट्रेन’ खरंच आलाय का? मुंबईतल्या नमुन्यांवरून विषाणूतले बदल कसे वाचायचे

एखाद्या गल्लीत किंवा सोसायटीत कुत्र्यांची तीन-चार पिल्लं पाठोपाठ पार्वोने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, गेली की रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या फीडर मंडळींच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरू लागतं: ‘नवीन स्ट्रेन आलाय, लस लागू पडत नाही.’ हे खरं की खोटं, ते लक्षणांवरून कळत नाही आणि दवाखान्यातल्या झटपट चाचणीच्या किटवरच्या दोन रेघांवरूनही कळत नाही. त्यासाठी विष्ठेतल्या विषाणूचं जनुक वाचावं लागतं. हे काम मुंबईत बसून, साध्या प्रयोगशाळेत करता येतं. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी, एम.एस्सी.साठी प्रकल्प शोधणारी सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं आणि ज्यांच्या टेबलावर अशी पिल्लं रोज येतात ते डॉक्टर, यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगते. अहवालात विषाणूच्या प्रकाराचं नाव, ‘२ए’, ‘२बी’ किंवा ‘२सी’, एवढंच लिहून थांबलात तर हाती जवळजवळ काही लागत नाही. पूर्ण जनुक आणि त्या पिल्लाची नीट लिहिलेली हकीकत शेजारी ठेवली, तरच त्यातून अर्थ निघतो.

विषाणू बदलत कसा आला

कुत्र्यांचा पार्वो, म्हणजे सीपीव्ही-२, जगाच्या लक्षात आला १९७८ साली. युरोपातले जुने साठवलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले तेव्हा १९७० च्या दशकाच्या मध्यातच काही कुत्र्यांत त्याच्या प्रतिपिंडांची खूण सापडली. तो आला मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया विषाणूच्या गोतावळ्यातून. आवरणाच्या प्रथिनातल्या मोजक्या अमिनो आम्लांत (प्रथिनाच्या मण्यांत) बदल झाला, आणि कुत्र्याच्या पेशीवरच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरला, म्हणजे पेशीत शिरायच्या दाराला, तो चिकटू लागला. त्यातल्या ९३ आणि ३२३ या क्रमांकांच्या दोन जागा सर्वांत महत्त्वाच्या. कुत्र्यांच्या शरीराला तो पूर्णपणे अनोळखी होता, म्हणून वर्षभरात तो जगभर पोहोचला.

गंमत म्हणजे त्या पहिल्या प्रकाराला मांजरात शिरता येत नव्हतं. १९७९-८० च्या सुमारास २ए आला, त्याला पुन्हा मांजरात शिरता येऊ लागलं आणि दोन-तीन वर्षांत त्याने मूळ प्रकाराला कुत्र्यांतून हुसकावून लावलं. १९८४ मध्ये २बी दिसला. २सी इटलीत २००० साली ओळखला गेला. नंतर जर्मनीतल्या १९९६ च्या नमुन्यांतही तो निघाला. आज जगात फिरतात ते २ए, २बी आणि २सी. मूळचा २ उरलाय तो बहुतेक लसीच्या बाटलीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

विषाणू अगदी लहान आहे: एकपदरी डीएनए, सुमारे ५२०० बेस, म्हणजे अक्षरं. बाहेरचं कवच ६० एककांचं, आणि त्यातला बहुतेक भाग व्हीपी२ या प्रथिनाचा. या प्रथिनात ५८४ अमिनो आम्लं असतात, एका आम्लाला तीन बेसचा एक कोडॉन, म्हणजे शेवटच्या थांबा-कोडॉनसह जनुक १७५५ बेसचं. आपल्याला वाचायचंय ते हेच.

पायरी १: प्रश्न ठरवा, मग नमुने

‘मुंबईत कोणते प्रकार फिरतात’ आणि ‘लस घेतलेली पिल्लं का आजारी पडतात’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या महिन्यांतली पिल्लं लागतात. दुसऱ्यासाठी त्याच भागातली, साधारण त्याच वयाची लस घेतलेली आणि न घेतलेली अशी दोन्ही पिल्लं लागतात. नुसती लस घेतलेली गोळा केलीत तर तुलना कशाशी करणार? नमुने फक्त खासगी दवाखान्यांतून घेतले तर जातिवंत, पाळीव पिल्लंच हाती येतात. रस्त्यावरची पिल्लं, जी या शहरात सर्वाधिक मरतात असं मला वाटतं, ती यादीत येतच नाहीत. फीडरना सोबत घेतल्याशिवाय हे काम करू नका.

पायरी २: पिल्लाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जनुकाचा क्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांची माळ, पुन्हा काढता येतो, पण गेलेल्या पिल्लाची हकीकत महिन्याभराने कोणाला आठवत नाही.

पत्ता दवाखान्याचा लिहू नका. परळला विरारपासून पनवेलपर्यंतची पिल्लं येतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सात दिवस जातात, म्हणून प्रश्न असा विचारा: आठवड्यापूर्वी हे पिल्लू कुठे होतं? दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या गावच्या ब्रीडरकडून आणलेलं पिल्लू अंधेरीत आजारी पडलं, तर तो विषाणू अंधेरीचा नाही. नोंदीत तो अंधेरीचा म्हणून गेला की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

वय आठवड्यांत लिहा, ‘अडीच महिने’ असं नको. लसीच्या प्रत्येक डोसची तारीख घ्या आणि कार्डावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा; त्यावर कंपनी आणि बॅच दोन्ही असतात. उलटी कधी सुरू झाली, जुलाबात रक्त कधी आलं, किट कोणत्या दिवशी केलं आणि काय आलं, त्याच वेताची इतर पिल्लं कशी आहेत, आईला लस होती का, हेही हवं. शेवटचा डोस आणि आजार यांत किती दिवस गेले, हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहा. जिवंत लसीतला विषाणूही पिल्लाच्या विष्ठेतून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस, बाहेर पडतो. परवा लस घेतलेल्या पिल्लात पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून विषाणू शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला तर तो लसीचाही असू शकतो.

पायरी ३: स्वॅब

गुदद्वारातून स्वॅब, प्लास्टिकच्या दांडीचा. लाकडी दांडी आणि जेल किंवा कोळशाचं वाहतूक माध्यम टाळा, पीसीआर अडतो. आजाराच्या पहिल्या तीन ते पाच दिवसांत घेतलात तर उत्तम. नंतर आतड्यात प्रतिपिंडं विषाणूला घेरतात आणि किट निगेटिव्ह दाखवतं, तरी पीसीआरमध्ये तो सापडू शकतो. म्हणून लक्षणं ठसठशीत असतील तर किट निगेटिव्ह आलं तरी नमुना टाकून देऊ नका.

स्वॅब निर्जंतुक सलाईन किंवा पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर-द्रावणात) बुडवा, दोन नळ्यांत वाटून ठेवा, बर्फाच्या डब्यातून न्या आणि उणे २० अंशांत टाका. दुसरी नळी उघडायचीच नाही, ती पुढच्या तपासणीसाठी. पार्वो चिवट आहे. लोकलने ठाण्याहून परळला यायला दोन तास लागले म्हणून नमुना वाया जात नाही. मात्र हीच चिवटाई उलटते. तुमचं टेबल, वजनकाटा, थर्मामीटर, सगळीकडे तो महिनोन्महिने टिकून राहतो. प्रत्येक पिल्लाला नवे हातमोजे. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने तो मरत नाही. आधी घाण साबणाने काढा, कारण विष्ठा असली की ब्लीच निकामी होतं. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओला ठेवा.

कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. पण रस्त्यावरची कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस घेतलेली असावी. याला अपवाद नाही, एका दिवसासाठी मदतीला आलेल्या विद्यार्थ्यालाही नाही.

पायरी ४: डीएनए आणि पीसीआर

विषाणू डीएनएचा आहे, त्यामुळे आरएनए विषाणूंसाठी लागणारा उलट-प्रतिलेखनाचा टप्पा वाचतो. नुसतं आहे की नाही पाहायचं असेल तर विष्ठा पीबीएसमध्ये एकास दहा करा, दहा मिनिटं उकळा, बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी आणखी दहापट पातळ करून पीसीआरला घ्या. पातळ करण्यामागे कारण आहे: विष्ठेतले घटक पीसीआर बंद पाडतात. पूर्ण व्हीपी२ वाचायचं असेल तर मात्र डीएनए शुद्ध करणारं कॉलमचं किट वापरा, उकळलेल्या डीएनएवर १७५५ बेसचा तुकडा नीट येत नाही.

आता नियंत्रणाचा मुद्दा. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नक्की असलेला ताळ्याचा नमुना, म्हणून लसीचीच बाटली वापरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती स्वस्त आणि हाताशी असते, मान्य. पण लसीच्या एका थेंबात विषाणू प्रचंड असतात आणि तो थेंब उडाला की प्रत्येक नमुन्यातून मूळ सीपीव्ही-२ निघू लागतो. ‘मुंबईत जुना प्रकार परतला’ असा निष्कर्ष कोणी काढायच्या आत हे तपासा. लस उघडायची वेगळ्या खोलीत आणि सर्वांत शेवटी. प्रत्येक खेपेला एक रिकामी नळीही काढणीपासून पीसीआरपर्यंत सोबत चालवा.

पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं विकर, कमी चुका करणारं घ्या; साध्या टॅक पॉलिमरेजच्या चुका नंतर ‘नवीन उत्परिवर्तन’ म्हणून मिरवतात. क्रम वाचायच्या सँगर पद्धतीत एका खेपेत सातशे ते नऊशे बेस चांगले वाचता येतात, म्हणून व्हीपी२ एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत आणि दोन्ही दिशांनी वाचून घ्या. सिक्वेन्सिंग बाहेर पाठवता येतं, मशीन तुमच्याकडे नसलं तरी चालतं.

अगदीच पैसे नसतील तर एक सोपी वाट आहे. प्रकार जिच्यावरून ठरतो त्या ४२६ क्रमांकाच्या अमिनो आम्लाच्या जागेभोवतीचा ५८३ बेसचा तुकडा वाढवून एमबीओ-टू या कातर-विकराने कापा. तो ‘जीएएजीए’ हा क्रम ओळखतो. या तुकड्यात तो क्रम फक्त २सी मध्ये तयार होतो, त्यामुळे जेलवर सुमारे ५०० आणि ८० अशा दोन पट्ट्या दिसतात. २ए आणि २बी कापले जात नाहीत, त्यांच्यातला फरक यातून कळणार नाही. चाळणी म्हणून ही पद्धत ठीक आहे. पण त्या तुकड्यात ८७, २९७, ३००, ३२४ या जागा येतच नाहीत, म्हणून उत्क्रांतीबद्दल त्यावरून बोलू नका.

पायरी ५: क्रम वाचणे

फाइल आली की आधी रंगीत शिखरांचा आलेख उघडा, अक्षरं नंतर. सुरुवातीचे आणि शेवटचे गढूळ बेस कापा. दोन्ही दिशांचे तुकडे जोडा, व्हीपी२ च्या एटीजीपासून (सुरुवातीच्या कोडॉनपासून) मोजायला सुरुवात करा आणि भाषांतर करून पाहा: ५८४ अमिनो आम्लं, मध्ये कुठेही थांबा नाही. मध्येच थांबा आला तर बहुधा एक बेस चुकून गळलाय किंवा घुसलाय. आलेखावर परत जा.

जागा शोधायची रीत सोपी आहे. अमिनो आम्लाच्या क्रमांकाला तीनने गुणा, त्या कोडॉनचं तिसरं अक्षर मिळतं. ४२६ गुणिले ३ म्हणजे १२७८. तेव्हा १२७६, १२७७ आणि १२७८ ही तीन अक्षरं पाहा. एएटी असेल तर ॲस्पॅराजीन: मूळ २ किंवा २ए. जीएटी असेल तर ॲस्पार्टिक आम्ल: २बी. जीएए असेल तर ग्लुटामिक आम्ल: २सी. म्हणजे २ए आणि २बी मध्ये या जागी एका अक्षराचा फरक, २बी आणि २सी मध्येही एकाच अक्षराचा. १२७६ वर हिरवं ए आणि काळं जी ही दोन शिखरं एकमेकांखाली दिसली, आणि उलट दिशेच्या वाचनातही तशीच दिसली, तर त्या पिल्लात दोन प्रकार एकत्र असू शकतात. सॉफ्टवेअर त्यातलं मोठं शिखर गुपचूप निवडून मोकळं होतं, म्हणून डोळ्यांनी पाहणं अनिवार्य.

मग बाकीच्या जागा. मूळ २ आणि त्यानंतरचे यांतला भेद ८७ (मेथिओनीनचं ल्यूसीन), १०१ (आयसोल्यूसीनचं थ्रिओनीन), ३०० (ॲलानीनचं ग्लायसीन) आणि ३०५ (ॲस्पार्टिक आम्लाचं टायरोसीन) इथे कळतो. २९७ वर सेरीन जाऊन ॲलानीन आलं असेल तर तो ज्याला ‘नवा २ए’ किंवा ‘नवा २बी’ म्हणतात तो. आशियातल्या नमुन्यांत २६७ वर टायरोसीन, ३२४ वर आयसोल्यूसीन आणि ४४० वर ॲलानीन वारंवार भेटतात. आशियाई वंशाच्या २सी ची ओळख ५ वरच्या ग्लायसीनने आणि ३७० वरच्या आर्जिनीनने पटते. युरोपातल्या २सी मध्ये हे नसतं. मुंबईच्या नमुन्यात ४२६ वर ग्लुटामिक आम्ल मिळालं तर लगेच ५ आणि ३७० पाहा. तो कोणत्या वाटेने आला याचा पहिला धागा तिथे आहे, आणि छोटा तुकडा वाचणाऱ्याला ५ हे स्थान दिसतच नाही.

लस घेतलेल्या पिल्लात ८७ वर मेथिओनीन आणि १०१ वर आयसोल्यूसीन दिसलं तर तुम्ही लसीचा विषाणू वाचताय असं आधी धरून चाला. २बी पासून बनवलेली लस दिली असेल तर हा ताळा पुरणार नाही. त्या लसीचाच क्रम काढून शेजारी लावा.

पायरी ६: वंशवृक्ष, आणि त्यावर किती विश्वास

एमएएफएफटी किंवा मसल हा प्रोग्राम वापरून क्रम जुळवा, मेगासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बदलांचं योग्य प्रतिरूप निवडा, कमाल संभाव्यतेचा वृक्ष काढा, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची हे तपासणाऱ्या फेऱ्या) १०००. सोबत जेनबँक या क्रमांच्या खुल्या संग्रहातून १९७८ चा मूळ २, जुने २ए आणि २बी, युरोपातला २सी, आशियाई २सी, भारतातल्या इतर शहरांचे क्रम आणि बाहेरचा म्हणून मांजराचा पॅनल्यूकोपेनिया विषाणू घ्या. सत्तर टक्क्यांच्या खालच्या बूटस्ट्रॅपवर कथा रचू नका.

वृक्ष पाहिला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते: २बी एका फांदीवर बसत नाही. तो २ए च्या वेगवेगळ्या फांद्यांमध्ये विखुरलेला असतो, कारण ४२६ वरचा तो एक बदल वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. दोन शहरांतले ‘२बी’ एकमेकांचे सख्खे नसतीलही. त्यांच्यापेक्षा मुंबईतला २ए आणि मुंबईतला २बी जवळचे निघू शकतात. अक्षरावरून नातं ठरवणं म्हणूनच मला पटत नाही.

आता वेगाचं गणित. पार्वो डीएनएचा असूनही झपाट्याने बदलतो, जवळपास आरएनए विषाणूंच्या गतीने: दर दहा हजार जागांमागे वर्षाला साधारण एक ते दोन बदल टिकतात. व्हीपी२ च्या १७५५ बेसना हे लावलं तर एका वंशात तीन ते सहा वर्षांनी एखादा बदल. याचे दोन परिणाम. मागच्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत मुंबईत विषाणू ‘बदलून नवीन’ झाला, असं सहसा होत नाही. नमुन्यांत अचानक पाच-सहा बदल एकत्र दिसले तर तो बहुतेक बाहेरून पिल्लासोबत आलेला वेगळा वंश असतो. आणि दोन पिल्लांचे क्रम अक्षरशः सारखे आले म्हणून एकाने दुसऱ्याला आजार दिला हे सिद्ध होत नाही, कारण वर्षभराच्या अंतराने घेतलेले नमुनेही सारखे येतात. अमुक केनलमुळेच साथ आली, असा ठपका व्हीपी२ च्या जोरावर कोणावरही ठेवू नका. त्यासाठी पूर्ण जीनोम (विषाणूचा सगळा डीएनए) आणि तारखांसह हालचालींची नोंद लागते.

वृक्षात एखादा नमुना विचित्र जागी बसला तर पुनर्संयोगाची (दोन विषाणूंचे तुकडे जुळून एक झाल्याची) तपासणी आरडीपी या प्रोग्रामने करा, पण त्याआधी तो नमुना पुन्हा काढून वाचा. मिसळलेला नमुना हे त्याचं कितीतरी अधिक नेहमीचं कारण आहे.

पायरी ७: लसीबद्दल बोलण्याआधी

‘लस चुकवणारा प्रकार’ असं म्हणायला काय लागेल? पिल्लाचा शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर झालेला, लस थंड साखळीत राहिल्याची खात्री, रक्तात लसीचे प्रतिपिंड तयार झाल्याचा पुरावा, विष्ठेत लसीचा नव्हे तर रानटी, म्हणजे बाहेर कुत्र्यांत फिरणारा विषाणू, आणि हे एकापेक्षा अनेक पिल्लांत. त्यावर, त्या पिल्लांचं सीरम पेशीसंवर्धनात नव्या विषाणूला निष्प्रभ करत नाही हेही दाखवावं लागेल. इतकं सगळं एकत्र क्वचितच जमून येतं. मूळ २ किंवा २बी च्या लसी २सी पासूनही वाचवतात हे प्रत्यक्ष संसर्ग देऊन केलेल्या चाचण्यांत दिसलंय.

लस घेतलेली पिल्लं मग का मरतात? बहुतेक वेळा आईच्या चिकातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे. ते लसीतल्या विषाणूला मारून टाकतात, आणि कमी होत होत अशा पातळीला येतात की रानटी विषाणू अडत नाही पण लस मात्र अजूनही अडते. हा धोक्याचा काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या आठवड्यात येतो. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची शिफारस अशी: सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा नंतर, मग सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान आणखी एक. आपल्याकडे पुष्कळ कार्डं दोन डोसांवर, बाराव्या आठवड्याच्या आसपास थांबलेली दिसतात. मालकाला ‘लस पूर्ण झाली’ असं वाटत असतं. तुमच्या कागदावर वय आठवड्यांत असेल, तर हे एका नजरेत दिसेल.

उपचार प्रकारानुसार बदलत नाहीत. सलाईन, उलटी थांबवणं, जंतुसंसर्ग आवरणं, लवकरात लवकर तोंडाने अन्न. क्रमाचा अहवाल येईपर्यंत कोणाचंही सलाईन थांबवू नका.

पायरी ८: माहिती कोणाकडे जाईल

क्रम जेनबँकेत टाकताना यजमान, गोळा केल्याची तारीख आणि ‘भारत: मुंबई’ एवढं भरून सोडू नका. वय आणि लस झालेली-न झालेली, हे टिपणाच्या रकान्यात लिहा. जेनबँकेतले पुष्कळसे क्रम या एका माहितीअभावी लसीच्या प्रश्नासाठी निरुपयोगी ठरतात.

बोरिवली, आरे, ठाण्याच्या येऊरकडचे नमुने वेगळे जपा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारा बिबट्या कुत्री खातो, आणि २ए पासून पुढचे प्रकार मार्जारकुळातही शिरतात. उद्या एखाद्या बिबट्याच्या किंवा उदमांजराच्या नमुन्यात पार्वो मिळाला, तर तो कुत्र्यांतून आला का, याचं उत्तर त्या कडेच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांचे त्याच वर्षांचे क्रम कोणीतरी काढून ठेवले असतील तरच देता येईल.

आणि ज्या फीडरने नमुना आणून दिला, तिला निकाल मराठीत, एका पानावर, आठवड्याच्या आत द्या: प्रकार कोणता, लसीचा की रानटी, त्या वेताच्या उरलेल्या पिल्लांचे डोस कोणत्या तारखांना, आणि ब्लीचचं प्रमाण एकास तीस. जिथे पिल्लू मेलं त्या जागेत लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू वर्षभर तरी आणू नये, हे त्या पानावर सर्वांत वर लिहा.